आदली रात्र गावात

बेरिल ग्रॅटनला आमच्या थॉर्नलो गावाबाहेरचं जग माहीत नव्हतं, असं कुणी म्हणेल तर ते खोटं आहे. तिने ते पाहिलं होतं आणि तिला ते आवडलं नव्हतं. तरुणपणी ती चर्चच्या सहलीबरोबर एकदा समुद्रावर गेली. परतल्यावर सगळ्यांनी विचारलं, कसा आहे समुद्र? वारा फार, आणि चहा पाणचट, असं तिचं उत्तर. शेफील्डच्या एका मोठ्या स्वयंपाकघरात तिला दुप्पट पगाराची नोकरी चालून आली होती. सकाळच्या बसने गेली, दुपारच्या बसने परत आली, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलायला हजर. डार्बीचा एक रेल्वेतला माणूस तिच्याशी लग्न करायला तयार होता. ती म्हणाली, जरूर करू, इथे राहायला ये. तो एक हिवाळा येऊन राहिला आणि मार्चमध्ये निघून गेला. त्याचं तिला वाईट वाटलं का, हे मी एकदा विचारलं होतं. तिला त्याच्या खोकल्याचं वाईट वाटलं होतं.

आता ती चर्चमागच्या उतारावर पुरलेली आहे, आईच्या शेजारी. दोन वर्षं होतील.

गावावर जीव असलेली माणसं गोड असतात असा एक समज आहे. बेरिल गोड नव्हती. कुणाच्या धुराड्यातून सकाळी धूर उशिरा निघाला हे तिला ठाऊक असायचं आणि ती ते बोलून दाखवायची. नवीन बिऱ्हाडाने कुंपणाला रंग चुकीचा दिला तर ती त्यांच्या फाटकाशी उभी राहायची, काही न बोलता, त्यांना विचारावं लागेपर्यंत. पण कुणाचं माणूस गेलं की दुपारच्या आत त्या घरी तिचं मटण-बटाट्याचं भांडं पोचायचं, आणि भांडं परत मागायला ती कधी गेली नाही. आमच्याकडे तिची तीन भांडी आहेत.

मी मॉरीन. लेस्टरहून लग्न करून इथे आले, त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. माझा नवरा केन इथलाच. आमचं घर गल्लीत बेरिलच्या घरासमोर, तिच्या दारात कोण आलं ते माझ्या खिडकीतून दिसतं. मी मुद्दाम बघत नाही, पण खिडकी तिथे आहे त्याला मी काय करू.

बेरिल म्हटलं की आधी झऱ्याबद्दल सांगायला हवं. गावाच्या मध्यावर आमचा झरा आहे, दगडी कमानीखाली. मे महिन्यात आम्ही तो सजवतो. लाकडाच्या मोठ्या फळ्या तळ्यात भिजत घालायच्या, पायांनी माती तुडवून त्यांवर थापायची, आणि मातीवर फुलांच्या पाकळ्यांनी चित्र भरायचं. शेवाळ, बिया, सालं, पिसं, सगळं चालतं. जे निसर्गातलं नाही ते चालत नाही. हे काम शेजारच्या हॅलमच्या कोठारात होतं. पाकळी खालून वर लावत जायची, कौलांसारखी, म्हणजे पाऊस वरून घसरून जातो. वरून खाली लावणारा माणूस एक तर शहरातला असतो किंवा पेनक्लिफचा. पेनक्लिफ म्हणजे टेकडीपलीकडचं गाव. तेही त्यांचा झरा सजवतात, आणि आमच्या मते वाईट सजवतात.

फळीचा शेवटचा शब्द गावात एकाच बाईचा असतो. आधी तो बेरिलच्या आईचा होता, मग बेरिलचा झाला. आणि नियम एकच: माती तुडवायच्या आदल्या रात्री जो गावात झोपला, त्याचाच हात फळीला लागेल. कधीकाळी आजूबाजूला रोगाची साथ होती, तेव्हा बाहेरच्यांना दूर ठेवायला म्हणून तो निघाला म्हणतात. खरंखोटं देव जाणे. नियम मात्र सोपा होता. गावात जन्मला की कालच आला, हे कुणी विचारत नसे.

म्हणून तर मी लेस्टरची, लग्नाला सहा आठवडे झालेली, पहिल्याच मे महिन्यात कोठारात शिरले. बेरिलने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि रात्री कुठे झोपलीस ते विचारलं. केनच्या घरी, म्हटल्यावर तिने मला फळीच्या डाव्या कोपऱ्यात नेलं. तिथे एक रिकामं स्टूल होतं. तिथलं काम चित्राच्या रेघा काढायचं: झाडाची छोटी काळी बोंडं एकाला एक लावून मातीत खुपसायची, मग इतरांनी आत पाकळ्या भरायच्या. मी बसले, आणि कोठारातल्या बायका गप्प झाल्या. मला वाटलं माझे बूट चिखलाचे आहेत म्हणून.

ते स्टूल एव्हिसचं होतं. एव्हिस बेरिलची धाकटी बहीण. आई लवकर गेली, तेव्हा बेरिलनेच तिला वाढवलं. दोघी त्या घरात वरच्या खोलीत शेजारी-शेजारी झोपायच्या आणि फळीवरही शेजारी बसायच्या. त्या वर्षी मार्चमध्ये एव्हिसने लग्न केलं. नवरा लेन, खाणीत ट्रक चालवणारा, स्वभावाने गरीब, पण राहणारा पेनक्लिफचा. लग्नाला बेरिल गेली, केक तिनेच केला, आणि संध्याकाळी चालत टेकडी ओलांडून एकटी परत आली.

माती तुडवायच्या आदल्या संध्याकाळी एव्हिस आली. हे मी खिडकीतून पाहिलं. हातात लहानशी पिशवी, अंगावर चांगला कोट. बेरिलने दार उघडलं आणि उंबऱ्यातच उभी राहिली. दोघी बोलल्या, आवाज चढला नाही, फार वेळही लागला नाही. एव्हिस वळली आणि आली तशी टेकडीकडे चालू लागली. पुढे गावाला कळलं ते असं की, बेरिल म्हणाली, तुझ्यासाठी इथे खाट नाही. आणि पाहुणी म्हणून झोपलेली रात्र धरत नाहीत.

हे पाहुणीचं शेपूट नियमाला तिने त्या संध्याकाळी लावलं. आधी कुणी ऐकलं नव्हतं. पण फळीचा शब्द तिचा, आणि गावाला मे महिन्यात तिच्याशी भांडायचं नव्हतं. केनची आई एवढंच म्हणाली की ही बाई स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेय आणि तो दुसऱ्याच्या पायावर पडला असं समजतेय.

बहिणींचं बोलणं तुटलं नाही, तसं नाटक आमच्याकडे चालत नाही. ख्रिसमसला कार्ड, वाढदिवसाला मोजे. बाजारात भेटल्या तर हवापाण्याच्या गोष्टी. लेन गेला तेव्हा बेरिल मटणाचं भांडं घेऊन पेनक्लिफला गेली. पण मे महिन्यात एव्हिस कधी थॉर्नलोत आली नाही, सजलेला झरा बघायलासुद्धा नाही. तिच्या स्टुलावर मी बसत राहिले.

मग शाळा बंद झाली, दुकान बंद झालं, बस आठवड्यातून एकदा यायला लागली. बेरिल इथेच होती. गुडघे दुखायला लागले तशी माती तुडवायची तिने सोडली, पण पाकळ्या नाही. चित्रात आकाश असो वा पाणी, निळं काम तिचं. हायड्रेंजियाचे गुच्छ ती शरद ऋतूत सुकवून माळ्यावर टांगून ठेवायची, कारण मे महिन्यात निळं मिळत नाही. ऐंशी ओलांडली तेव्हा फळीचा शब्द तिने माझ्याकडे दिला. "तुला काही येत नाही, पण तू ऐकतेस," असं म्हणून दिला.

पुढल्या जानेवारीत बर्फ पडला. दारापुढे घसरू नये म्हणून ती चुलीतली राख टाकायला बाहेर आली. स्वतःच्या दारापुढे टाकली, आमच्या टाकली, आणि हॅलमच्या फाटकाशी घसरून पडली. कमरेचं हाड मोडलं. मी घोंगडी घेऊन धावले तेव्हा ती मला सांगत होती की बादली आधी उचल, राख वाया जातेय.

इस्पितळातून तिला घरी सोडेनात. तिचं घर म्हणजे खाली एक खोली, वर एक खोली, मध्ये शिडीसारखा जिना. आणि रात्री उठवायला कुणीतरी हवं. आम्ही सगळेच घेऊ म्हणत होतो, पण कुणाचं घर अरुंद, कुणाच्या घरी लहान मुलं, आणि मुख्य म्हणजे तिला कुणाचे उपकार नको होते. डॉक्टरीणबाई वृद्धाश्रमाचं नाव काढत होत्या. तेवढ्यात एव्हिस इस्पितळात आली, नर्सला म्हणाली मी बहीण, माझ्याकडे खालच्या मजल्यावर खोली आहे, कपडे कुठे आहेत हिचे? बेरिलला कुणी विचारलंच नाही. अशी ती पेनक्लिफला गेली.

मार्चमध्ये बेरिलने केनकरवी घराच्या किल्ल्या इस्टेटवाल्यांना, म्हणजे घरमालकांना, परत पाठवल्या. घर भाड्याचंच होतं, जन्मापासून. रिकामं घर कुजतं, म्हणाली, कुणीतरी चूल पेटवू दे. मँचेस्टरचं एक जोडपं आलं, माणसं बरी आहेत. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात बसून रडले. केनने कांदे चिरतेयस का विचारलं, आणि मी हो म्हटलं.

मे आला. चित्र ठरलं होतं, बायबलमधली नोहाची नाव आणि प्रलय, म्हणजे फळीभर पाणीच पाणी. किल्ल्या परत करण्याआधी केनने तिच्या माळ्यावरचे निळे गुच्छ आमच्याकडे आणून ठेवले होते. ते दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची माझी छाती होईना. खरं सांगायचं तर मला गुच्छांची काळजी नव्हती. तिकडे पेनक्लिफला ती खिडकीत बसून हळूहळू विझत चालली होती, आणि बोलत नव्हती. फळीवर आली नाही तर पुढला हिवाळा ही बघणार नाही, असं मला वाटत होतं. एव्हिसलाही तसंच वाटत होतं; फोनवर ती म्हणाली, खात नाही, मॉरीन, आणि भांडतही नाही.

म्हणून गुरुवारी मी टेकडीपलीकडे गेले. बेरिल खुर्चीत, गुडघ्यांवर घोंगडी. एव्हिस चहा ओतत होती. मी आडपडदा न ठेवता सांगितलं: उद्या रात्री आमच्याकडे झोप, खालच्या खोलीत, आणि परवा सकाळी फळीवर ये.

"पाहुणी म्हणून झोपलेली रात्र धरत नाहीत," बेरिल म्हणाली.

मला राग आला. मी म्हटलं, ते नियमात नाही, तुझ्या आईच्या तोंडी नव्हतं, ते तू घातलंस.

"घातलं ना? मग ते मलाही लागू. माझं तिथे आता घर नाही. जिथे घर नाही तिथे माणूस पाहुणा असतो."

तिला स्वतःवर दया नव्हती, हे कबूल करायला हवं. दुसरी कुणी असती तर नियम आपल्यापुरता वाकवून मोकळी झाली असती. आम्ही सगळे वाकवायला तयार होतो. तीच तयार नव्हती, कारण ज्या माणसाला तिने तो लावला होता ते माणूस समोर चहा ओतत होतं.

एव्हिसने किटली खाली ठेवली.

"पाहुणीचं नंतर म्हणालीस तू," ती म्हणाली. "आधी खाट नाही म्हणालीस. दारात उभी होते मी. माझ्याच घरात मला खाट नाही म्हणालीस."

मला उठून जावंसं वाटत होतं, पण चहाचा कप हातात होता.

"खाट होती," बेरिल म्हणाली.

"काय?"

"होती तुझी खाट. अंथरूण घातलं होतं मी त्यावर, धुतलेल्या चादरी. गरम पाण्याची बाटली ठेवली होती पायाशी. मग दार उघडलं, तर तू पिशवी घेऊन उभी. आपल्याच घरी पिशवी घेऊन आलीस, एव्हिस. पाहुण्यांसारखी."

एव्हिसने तिच्याकडे इतका वेळ पाहिलं की चहावर साय धरली.

"मग नाइटगाऊन मी कशात आणणार होते?"

मला हसू येत होतं आणि रडूही, आणि दोन्ही दाबायला मी बिस्कीट तोंडात घातलं. एवढ्याशा पिशवीपायी दोन बायकांचं अर्धं आयुष्य टेकडीच्या दोन बाजूंना गेलं होतं.

"आता म्हण," एव्हिस म्हणाली. "पाहुणीची रात्र धरतात, असं म्हण. मॉरीनला ऐकू जाईल असं. फळी तिची आहे."

बेरिलने घोंगडीची झालर सरळ केली.

"धरतात," ती म्हणाली.

"आणि?"

"आणि तेव्हाही धरायला हवी होती."

एव्हिस उठून आतल्या खोलीत गेली, कपाट उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली ती दोघींचे कपडे घेऊन. मला म्हणाली, हिला रात्री दोनदा उठवावं लागतं, ते तुला जमायचं नाही, मी येतेय. मी म्हटलं, खोलीत दोन खाटा मावतील.

शुक्रवारची रात्र दोघी आमच्याकडे झोपल्या. भिंतीपलीकडून कुजबुज येत होती. बहुतेक उशीवरून भांडण चाललं होतं. सकाळी ओटकेक आणि बेकन खाताना बेरिलने दोनदा वाढून घेतलं आणि माझा बेकन करपलाय असं सांगितलं. एव्हिसने माझ्याकडे पाहिलं. भांडतेय, म्हणजे बरी आहे.

कोठारात माती तुडवून थापली तोवर दुपार झाली. केनने बेरिलला चाकाच्या खुर्चीतून आणलं, आणि आम्ही चित्राचा कागद मातीवर ठेवून, टोचून रेघांच्या खुणा उमटवल्या. सगळ्या वळून बघत होत्या, एव्हिसकडे जास्त. आता फळीचा शब्द माझा होता, पण कुणी मला काही विचारलं नाही. जुन्या बायका नुसत्या सरकल्या आणि जागा झाली. मी डाव्या कोपऱ्यातलं स्टूल एव्हिससाठी ओढलं. ती नको म्हणाली, तू तिथे शोभतेस, मी हिच्या शेजारी बसते, हिला खाली पडलेलं उचलता येत नाही.

म्हणून पाणी दोघी भरायला लागल्या. मी नोहाच्या नावेची रेघ काढत होते आणि कान त्यांच्याकडे होते. एव्हिसने बशीतून सुकी निळी पाकळी उचलली, ओल्या मातीवर दाबली, दुसरी तिच्या अर्ध्यावर चढवली. खालून वर, न बघता, सरसर. इतकी वर्षं हात कोरडा राहिलेल्या बाईचं ते काम वाटेना.

बेरिलने बाजूने पाहिलं. "पेनक्लिफवाल्यांनी हात बिघडवला नाही म्हणायचा तुझा."

"त्यांना हात दिला कुठे मी?"

"म्हणजे?"

"तिकडच्या फळीला मी कधी बोट लावलं नाही." एव्हिस पाकळ्या लावतच होती. "दरवर्षी बोलवायला यायचे. लेनला वाईट वाटायचं, बायको गावात मिसळत नाही म्हणून. त्या आठवड्यात मी घर झाडत बसायचे."

"वेडी आहेस का? का नाही गेलीस?"

"ते माझं गाव नव्हतं, बेरिल."

बेरिलचा हात थांबला. माझाही थांबला. आम्ही सगळ्यांनी आयुष्यभर एकच गोष्ट धरून ठेवली होती, की या गावावर जीव असलेली बाई म्हणजे बेरिल; तिच्यासारखी दुसरी नाही. दुसरी टेकडीपलीकडे होती आणि मे महिन्यात घर झाडत होती, हे बेरिललासुद्धा माहीत नव्हतं. ती रडायला लागली. मी तिला त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं, हाड मोडलं तेव्हाही नाही.

"मी तुझं काय करून ठेवलं गं," ती म्हणाली.

एव्हिसने बशी तिच्याजवळ सरकवली.

"तुझी खालची ओळ तिरपी जातेय," ती म्हणाली. "डोळे पूस आणि चष्मा लाव."

बेरिलने डोळे पुसले, चष्मा लावला. ओळ खरंच तिरपी होती.